भटारखान्याची कुळकथा

नातीचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी संध्याकाळी ‘आजोबा, आज आपण इटालियन खायला जायचं’ असे फर्मान सुटले, आणि ज्याने आपल्या हयातीची सत्तर वर्षे कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि लग्नाकार्यात पानात पडतील तेवढे मांडे एवढ्यावर समाधानाने काढली, त्या माझ्यासारख्या माणसाला बऱ्हाणपुरातल्या एका नव्या, काचेच्या दाराच्या, थंडगार उपाहारगृहात जाऊन बसणे भाग पडले. भिंतीवर पिसाचा कलता मनोरा रंगवलेला होता. टेबलावर वाळलेल्या पानांचा चुरा आणि मिरचीचा कूट भरलेल्या दोन चिमुकल्या बाटल्या होत्या. आणि पदार्थांची यादी पहिल्या पानावर पिझ्झा, दुसऱ्यावर पास्ता अशी इटलीतून निघून तिसऱ्या पानावर चीनमार्गे चौथ्या पानावर पंजाबात मुक्कामाला पोचत होती. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला, पिझ्झा येईना. अखेर गल्ल्यावरच्या मालकांनी वाढप्याला हाक मारली आणि निम्म्या मराठी, निम्म्या हिंदी अशा आमच्या बऱ्हाणपुरी बोलीत म्हणाले, ‘अरे, भटारखान्यात जाऊन देख जरा, सगळे झोपले का काय!’

नात फोनमध्ये गढलेली असल्यामुळे तिच्या कानांवरून ते वाक्य निघून गेले. मी मात्र त्या एका शब्दापाशी थबकलो. भटारखाना! कितीतरी वर्षांत हा शब्द मी ऐकला नव्हता, आणि ऐकला तो अशा ठिकाणी, की जिथे बाकी प्रत्येक वस्तूला सातासमुद्रापलीकडचे नाव होते. घरात असते ते स्वयंपाकघर, राजवाड्यात असतो तो मुदपाकखाना आणि जिथे अन्न विकण्यासाठी शिजते तो भटारखाना, अशी आपल्या भाषेने फार पूर्वीच वाटणी करून ठेवलेली आहे. यांतल्या मुदपाकखान्याचे कूळ, जाता जाता सांगण्यासारखे आहे, ते असे की हा दिसायला ‘पाक’ असलेला, सोवळ्यातला वाटणारा शब्द मूळचा अरबी ‘मत्बख’. दरबारात वावरता वावरता त्याने संस्कृत वेष चढवला, आणि आज तो एखाद्या दशग्रंथी घराण्यातला असावा अशा रुबाबात कोशात बसलेला असतो. भटारखान्याने असली कोणतीही लबाडी केली नाही. संस्कृतात ‘भ्राष्ट्र’ म्हणजे भाजण्याचे पात्र. त्याची प्राकृतातून उतरत आलेली लेक ती भट्टी. भट्टी लावणारा तो उत्तरेकडे भटियारा, आपल्याकडे भटारी. आणि त्याच्यामागे फारशी ‘खाना’ जोडला की मालकांच्या तोंडचा शब्द तयार झाला. शब्द तयार झाला खरा, पण तो चालू राहायला एक गाव लागते, आणि ते गाव बऱ्हाणपुरासारखे असावे लागते.

इसवी सन १४०० च्या सुमारास नासिरखान फारुकीने तापीच्या काठी हे शहर वसवले आणि खुलदाबादेस चिरनिद्रा घेत असलेल्या शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले, तेव्हापासून या गावाच्या नशिबी मुक्कामाचे गाव होणेच लिहिलेले होते. १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती पडल्यावर खानदेशचा सुभा इथून चालू लागला. दख्खनच्या प्रत्येक मोहिमेची फौज इथे थांबली, प्रत्येक शाहजादा इथे सुभेदारी शिकला, आणि सुरतेस उतरलेला, आग्र्यास निघालेला व्यापारी, वकील, पाद्री आणि भामटा यांपैकी बहुतेकांना एक रात्र तरी इथे काढावीच लागली. पुढे उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली शहर मराठ्यांकडे आले, मग शिंद्यांकडे, १८६० साली इंग्रजांकडे; २००३ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. दप्तरे बदलत गेली, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला रात्री काय खायला घालायचे हा प्रश्न प्रत्येक अमलात तोच राहिला, आणि त्याचे उत्तर सराईत होते. जहांगिराच्या काळी, खानखानान अब्दुर्रहीम इथला कारभार पाहत असताना बांधलेली अकबरी सराई आजही गावात उभी आहे. तिचा प्रचंड दरवाजा आणि आतल्या ओळीने मांडलेल्या कमानी पाहिल्या म्हणजे या गावाचा खरा धंदा कोणता होता हे कोणाला सांगावे लागत नाही.

मोगलांच्या राज्यातल्या सराया आतून कशा चालत हे ज्याने सविस्तर लिहून ठेवले तो गृहस्थ योगायोगाने इटालियन होता. व्हेनिसमध्ये १६३८ साली जन्मलेला निकोलाओ मनुची हा पोरवयात घरातून पळाला, परागंदा इंग्रज राजाच्या एका वकिलाच्या चाकरीत १६५६ च्या आरंभी सुरतेस उतरला आणि आग्र्याच्या वाटेवर बऱ्हाणपुरात येऊन राहिला. पुढे तो मिर्झाराजा जयसिंगाच्या तोफखान्यात नोकरीस लागला, १६६५ साली पुरंदरच्या छावणीत शिवाजीमहाराजांशी त्याचे प्रत्यक्ष बोलणे झाले, आणि ज्या जयसिंगाचे त्याने मीठ खाल्ले तो १६६७ साली याच बऱ्हाणपुरात मरण पावला. तेव्हा आमच्या गावाशी या व्हेनिसकराचा ऋणानुबंध दुहेरी आहे. बऱ्हाणपूरविषयी तो लिहितो ते मुख्यतः कापडाविषयी: इथली तलम लाल-पांढरी वस्त्रे, बायकांच्या ओढण्या आणि ती नेण्यासाठी जमलेले इराणी आणि आर्मेनियन सौदागर. परंतु सरायांविषयी लिहिताना त्याची लेखणी रेंगाळते. बुरूज आणि भक्कम दरवाजे असलेली, आठशे-हजार माणसे जनावरांसकट मावतील अशी ती वास्तू, आतल्या चौकातली झाडे, जिन्नसांची दुकाने, वाटसरूंच्या खोल्या आणि खाटा यांची व्यवस्था पाहण्यासाठी तिथेच बिऱ्हाड करून राहिलेली बायका-माणसे, सूर्यास्ताला दरवाजे बंद करून ‘आपापला माल सांभाळा’ म्हणून ओरडणारा अंमलदार, आणि सकाळी कोणाचे काही हरवले नाही ना याची तीनदा पुकार झाल्याशिवाय न उघडणारे कुलूप. ती तिथेच राहणारी बायका-माणसे हेच भटियारे. इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो हा मनुचीच्या आधी चाळीस वर्षे, १६१५ च्या नोव्हेंबरात, शाहजादा परवेझच्या भेटीसाठी बऱ्हाणपुरात आला, तेव्हा त्याला उतरायला ज्या खोल्या दिल्या त्या त्याला विटांच्या भिंतीत बसवलेल्या, वरून गोल अशा चार भट्ट्यांसारख्या वाटल्या, आणि तो वैतागून आपल्या तंबूत राहायला गेला. बिचाऱ्याला ठाऊक नव्हते, की त्याने तक्रार म्हणून वापरलेली उपमा ही त्या संस्थेची व्युत्पत्तीच होती.

आता एवढी उपयोगाची माणसे. पण त्यांना मान किती होता? हिंदीत आजही तावातावाने भांडणाऱ्या बाईला भटियारीण म्हणण्याची चाल आहे, यावरून काय ते समजावे. आपल्या समाजात तर विकतच्या शिजलेल्या अन्नाकडे पाहण्याची दृष्टी आणखी कठोर होती. कौटिल्याने ‘औदनिक’ म्हणजे शिजलेला भात विकणारा आणि ‘पाक्वमांसिक’ म्हणजे शिजलेले मांस विकणारा या दोघांची नोंद मद्य विकणाऱ्यांच्या आणि रूपाजीवांच्या पंक्तीत केली आहे; आपल्या माहितीतल्या माणसालाच त्यांनी रात्री थारा द्यावा, असा तो नगराचा बंदोबस्त आहे. शिजलेल्या अन्नाची दुकाने दोन हजार वर्षांपूर्वी होती हे त्यातून सिद्ध होते, पण तिथे जाणारा माणूस कोणत्या वस्तीत जात असे हेही त्याबरोबरच सिद्ध होते. सोवळेओवळे पाळणारा वाटसरू सराईत उतरलाच तर दुकानातून शिधा घेई, तीन दगडांची चूल मांडी आणि आपले आपण शिजवून खाई. भटियाऱ्याच्या हंडीतले खाणारे ते शिपाई, मुसलमान सौदागर आणि मनुचीसारखे फिरंगी. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्यांनी नुसता चहा घेतला, तर त्यावरून केवढे ग्रामण्य उठले आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट कशी गेली हे सर्वश्रुत आहे. म्हणजे घराबाहेर खाणे ही गोष्ट आपल्याकडे शतकानुशतके गरजेची होती, नाइलाजाची होती, थोडी लाजेची होती; हौसेची नव्हती. नातीच्या पिढीला ही एकच गोष्ट समजावून सांगणे मला आजवर जमलेले नाही.

ही गरज आपल्या भाषेने दुसऱ्याही एका शब्दात जपून ठेवली आहे. धुण्याचे पैसे ती धुणावळ, दळण्याचे पैसे ती दळणावळ, शिवण्याचे पैसे ती शिवणावळ. त्याच साच्यातली खाणावळ. म्हणजे खाणावळ ही मुळात जागा नव्हे, ती रक्कम. खाल्ल्याबद्दल द्यायचे पैसे. वारावर जेवणारा विद्यार्थी पैसे देत नसे, माधुकरी मागणारा देत नसे, आप्तांकडे उतरलेला तर नाहीच नाही. म्हणून ज्या घरात अन्नाचे पैसे घेतले जातात त्या घराची ओळख त्या पैशानेच सांगावी, हे भाषेला स्वाभाविक वाटले. पुढे मुंबईत गिरण्या आल्या, कचेऱ्या आल्या, मुलूख सोडून एकटे राहणारे हजारो पुरुष आले. दादरला १९१० साली मामा काण्यांचे उपाहारगृह निघाले, पुण्यात विद्यार्थ्यांच्या खाणावळी निघाल्या, आणि विकतच्या अन्नावरचा डाग हळूहळू पुसट होत गेला. आमच्याकडे १८६० च्या दशकात आगगाडी आली, विसाव्या शतकाच्या आरंभी स्टेशनाकडे लालबागेत ताप्ती मिल उभी राहिली, आणि सराईतल्या भटाऱ्याचे जे गिऱ्हाईक पूर्वी घोड्यावरून येई ते डब्यातून उतरून किंवा पाळी संपवून येऊ लागले. एवढाच काय तो फरक.

मला वाटत होते की हा सारा इतिहास आमच्या दरिद्री, उन्हातान्हातल्या वाटसरूंचा. इटलीत मंडळी पहिल्यापासून मेणबत्त्या लावून, गळ्यात रुमाल बांधून जेवत असतील. तसे काही नाही. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पॉम्पेई शहरात रस्त्यालगत दगडी ओटे आणि त्यांत बसवलेले रांजण अशी शिजल्या अन्नाची दुकाने जागोजागी सापडली आहेत. ज्यांच्या घरात चूल पेटवायला जागा नव्हती अशी माणसे तिथे उभ्याउभ्या खात, आणि प्रतिष्ठित रोमन लोक अशा ठिकाणी दिसणे कमीपणाचे मानत. असल्या दुकानाला लॅटिनमध्ये ‘पॉपिना’ म्हणत, आणि भाषाशास्त्र सांगते की पॉपिना व आपला ‘पाक’ ही एकाच धातूची पोरे आहेत. मुदपाकखान्यातल्या तोतयाला जे कूळ हवे होते ते खऱ्या अर्थाने रोममधल्या हातावर पोट असलेल्यांच्या दुकानाकडे निघाले, याची मला फार मौज वाटली. (याच पॉम्पेईत १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली, आणि तिच्याशी सादृश्य असलेल्या मूर्ती तेर आणि भोकरदन इथे सापडल्या, भोकरदन आमच्यापासून घाटाच्या पलीकडे. त्या दुकानातल्या ओट्याशी कोणी आपल्याकडचा माणूसही उभा राहिला असेल का, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही; पण विचार म्हणजे पुरावा नव्हे.)

इटलीतल्या खाण्याच्या जागांची नावेही पाहण्यासारखी आहेत. त्यांतले जुने नाव ‘ओस्तेरिया’, म्हणजे अतिथीचे घर. त्याच लॅटिन मुळातून फिरत फिरत ‘हॉटेल’ आले आणि ‘हॉस्पिटल’ही आले. ‘ट्रॅटोरिया’ म्हणजे जिथे तुम्हांला वागवले जाते, तुमची बडदास्त ठेवली जाते ती जागा. आणि ‘रेस्तराँ’ तर मुळात माणसाचे नावच नव्हे, जागेचेही नव्हे, अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये अशक्तांना उठवून बसवणाऱ्या एका सकस रश्शाचे ते नाव. खाणावळ जशी पैशावरून जागा झाली, तसे रेस्तराँ वाटीतल्या रश्शावरून जागा झाले.

आणि पिझ्झा! गाएता नावाच्या गावच्या, ९९७ सालच्या एका लॅटिन करारपत्रात हा शब्द प्रथम भेटतो. एका कुळाने बिशपला नाताळात बारा आणि ईस्टरला बारा पिझ्झे द्यावेत अशी ती शर्त आहे. म्हणजे आमच्या भाषेत हा खंडाचा ऐवज, आणि पिझ्झ्याचा जन्मदाखला महसुली. त्यावर टोमॅटो नव्हता, कारण टोमॅटो अमेरिकेतला. तो सोळाव्या शतकात युरोपात पोचला, आणि नेपल्सच्या एका मुदपाकी लेखकाने, अंतोनियो लातिनीने, टोमॅटोच्या रश्शाची कृती छापली ती १६९० नंतर. पुढची दोनशे वर्षे पिझ्झा हे नेपल्सच्या कंगालांचे खाणे होते: हमाल, कोळी, बोळकांडीत राहणारे बिनचुलीचे लोक. पत्र्याच्या डब्यातून पोरे तो विकत फिरत, आणि गिऱ्हाइकाच्या खिशात जेवढे पैसे तेवढा तुकडा कापून देत. पैसे नसतील तर ‘आ ओत्तो’, म्हणजे आज खा, आठव्या दिवशी द्या. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा नेपल्सला गेला तेव्हा त्याला हा उधारीचा व्यवहार उमगला नाही. त्याने लिहून ठेवले की ‘आ ओत्तो’ म्हणजे आठ दिवसांचा शिळा पिझ्झा. ज्याने कधी खाणावळ थकवली नाही त्याच्या हातून अशी चूक व्हायचीच! पुण्यातल्या कोणत्याही विद्यार्थ्याने त्याला बरोबर अर्थ सांगितला असता. ‘पिनोकिओ’ लिहिणाऱ्या कोलोदीला पिझ्झ्याच्या काळ्या-तांबड्या-पिवळ्या ठिगळांत तो विकणाऱ्याच्या अंगावरच्या मळाचे प्रतिबिंब दिसले. आणि मातिल्दे सेराओ या नेपल्सच्या लेखिकेने १८८४ च्या आपल्या पुस्तकात सांगितले आहे, की एका हिकमती माणसाने रोममध्ये जाऊन पिझ्झ्याचे दुकान घातले, चार दिवस गर्दी झाली, मग ओसरली आणि दुकान बसले. रोमकरांच्या पोटालाही त्या काळी पिझ्झा परका होता, हे आमच्या बऱ्हाणपूरच्या भिंतीवर पिसाचा मनोरा रंगवणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पण आज कोणालाही विचारा, तो तुम्हांला या हमालांची गोष्ट सांगणार नाही, राणीची सांगेल. १८८९ साली इटलीची राणी मार्गेरिता नेपल्सला आली, रोजच्या राजेशाही जेवणाला कंटाळली, राफाएले एस्पोसितो नावाच्या पिझ्झेवाल्याला वाड्यावर बोलावणे गेले, आणि त्याने तांबडा टोमॅटो, पांढरे मोझारेला आणि हिरवी तुळशीच्या जातीची पाने असा राष्ट्रध्वजाच्या रंगांचा पिझ्झा करून तिच्या पुढे ठेवला. राणी खूष झाली, पिझ्झ्याला तिचे नाव मिळाले. दुकानात राजवाड्याचे पत्रही लावलेले आहे. पण संशोधकांना त्या पत्राच्या अस्सलपणाविषयी शंका आहे, आणि राणी येण्याच्या कितीतरी वर्षे आधी छापलेल्या, नेपल्सच्या चालीरीती सांगणाऱ्या ग्रंथात चीजचे काप आणि तीच पाने घातलेल्या पिझ्झ्याचे वर्णन सापडते. राणीने पिझ्झा खाल्ला असेलही. तिच्यासाठी तो जन्माला आला नव्हता.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्या मांड्यांची आठवण झाली. बऱ्हाणपुरी मांडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मळून मऊसूत केलेल्या पिठाचा उंडा कारागीर आधी तळहातांवर आळीपाळीने झेलतो. प्रत्येक झेलीला तो बोटभर वाढतो, मग मनगटांवर येतो, मग कोपरापर्यंत हात त्याच्याखाली नाहीसे होतात, आणि शेवटी पीठ इतके पातळ होते की पलीकडची चूल त्यातून तांबूस दिसावी. त्या क्षणी हात एकदाच उघडतात आणि ते अख्खे वस्त्र उपड्या, तापलेल्या कढईवर न दुमडता पडते. मिनिटाच्या आत भाजून, रुमालासारखी घडी होऊन ते बाजूला येते. कोरम्याबरोबर ते खातात, आणि लग्नाच्या हंगामात मांडेवाल्यांना उसंत नसते. गावात कोणालाही विचारा, तो सांगेल की हे मोगलांनी आणले: लष्कर मोठे, वेळ थोडा, म्हणून एका माणसाला एक पुरेल अशी अजस्र रोटी शाही बावर्च्यांनी काढली. गोष्ट ऐकायला छान आहे. पण कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘मण्डक’ आहेत. गहू धुऊन, वाळवून, दळून, चाळून, तूप-मीठ घालून मळलेल्या कणकेचे गोळे हातांवर वाढवून तापलेल्या खापरावर भाजायची सारी कृती तिथे आहे. मोगल बऱ्हाणपुरात आले त्याच्या पावणेपाचशे वर्षे आधी! ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची आख्यायिका लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि ज्याच्यापाशी काही नाही तोही मनातले मांडे खातो. आमच्या खानदेशात आखाजीला घरोघर उपड्या खापरावर पुरणाचे मांडे अजून होतात. त्या घरच्या मांड्यातून पुरण काढून घ्या, खापराच्या जागी लोखंडी कढई ठेवा आणि तो चार पैशांना वाटसरूला विका; बाजारचा मांडा तयार. मोगलांचे ऋण यात नाहीच असे मी म्हणत नाही. गिऱ्हाईक त्यांनी आणले, कोरमा त्यांनी आणला. पण हात इथलेच होते.

नेपल्सला राणी लागली, आम्हांला बादशहा लागला. बाजारच्या भाकरीला आपल्या खऱ्या बापाचे नाव सांगायला सगळीकडेच संकोच वाटतो, असे दिसते.

घरात तर साम्य याहून जवळचे आहे. उन्हाळ्यात माझी आई आणि आत्या ओसरीवर बसून वळवट करीत: शेवया, गव्हले, बोटांवर वळलेले बोटवे, नखाने दाबलेल्या नखुल्या आणि फणीवर दाबून रेघा उठवलेल्या फणुल्या. इटलीच्या रोमान्या प्रांतात ‘गार्गानेल्ली’ नावाचा पास्ता करतात, तो पिठाचा चौकोनी तुकडा काडीभोवती गुंडाळून फणीवर फिरवून; आणि ती फणी मूळची विणकराच्या मागाची असे, असे सांगतात. माग आणि फणी आमच्या गावाला शिकवायला नको. पण नातीला पास्ता ठाऊक आहे, फणुल्या ठाऊक नाहीत. कारण फणुल्या कधी बाजारात गेल्या नाहीत, त्या रुखवतातच राहिल्या. पास्ता बाजारात गेला, इटली सोडून निघालेल्या गरिबांबरोबर जहाजावर चढला, आणि पिझ्झ्यासह अमेरिकेत उतरला. न्यू यॉर्कमधले लोंबार्डींचे प्रसिद्ध दुकान १९०५ चे. तिथल्या परक्या शहरात नेपल्सचा, सिसिलीचा, जेनोव्हाचा माणूस एका रांगेत ‘इटालियन’ ठरला आणि त्याचे जेवणही. आपल्याकडे हे अन्न आधी साहेबांच्या पंक्तीला आले. व्हाइसरॉय मेयोच्या पदरी आलेल्या फेदेरिको पेलितीने पुढे कलकत्त्यास आणि सिमल्यास दुकाने थाटली; मुंबईत मॉन्जिनी बंधूंचे नाव झाले, पण ते केक-पेस्ट्रीसाठी. अमेरिकेचे रूप घेतलेला पिझ्झा मात्र १९९६ साली दोन मोठ्या कंपन्यांच्या दुकानांतून दिल्लीस आणि बंगळुरास उतरला, आणि पुढे पनीर, मका, कांदा असे मिळेल ते पाथेय घेत रस्त्यारस्त्याने लहान गावांत आला. सुरत-आग्रा रस्त्यावरचे गाव त्याला चुकणे शक्यच नव्हते.

तर असा हा सारा विचार डोक्यात घोळत असताना पिझ्झा आला. मी उठून, नातीने डोळे वटारले तरी, भटारखान्याच्या खिडकीशी गेलो; मला तो हातावर वाढवलेला, हवेत फिरवलेला उंडा पाहायचा होता. आत एक पोरगा प्लॅस्टिकची पिशवी फाडून तिच्यातून बेकरीहून आलेली, तयार, भाजलेली, एकसारख्या गोलाईची भाकर काढीत होता. त्याने तिच्यावर तांबडे काही फासले, पांढरे काही किसले आणि ती ओव्हनमध्ये सरकवली. सगळे मिळून दीड मिनिट. इथून फर्लांगभर अंतरावर पीठ कोपरापर्यंत वाढवणारे हात उपड्या कढईशी उभे होते, आणि इथे भाकर पिशवीतून येत होती. ‘हाताने नाही करत?’ मी विचारले. ‘टाइम कहाँ है, बाबा?’ पोरगा म्हणाला, आणि ज्या पाऊण तासाने मला एवढा सगळा इतिहास आठवू दिला होता त्याचा मी त्याच्यापाशी उल्लेख केला नाही.

पिझ्झा वाईट नव्हता. कडा जरा जाड होत्या, त्या मी चहात बुडवता आल्या असत्या तर बरे झाले असते असे म्हणालो, आणि नातीने शेजारच्या टेबलाकडे पाहिले. वाळलेल्या पानांच्या चुऱ्याला ओव्याच्या जवळपासचा वास होता. तिने माझ्या तुकड्यावर तो भुरभुरला, तिखट भुरभुरले, आणि फोटो काढला.

निघताना मी पैसे द्यायला गल्ल्याशी गेलो. ‘किती झाली खाणावळ?’ मी विचारले, तो शब्द त्याच्या मूळ, रोकड्या अर्थाने. मालकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट नाराजी उमटली. भिंतीवरच्या मनोऱ्याकडे एकदा पाहून ते अदबीने, पण ठामपणे म्हणाले, ‘बाबा, ही खाणावळ नाही. रेस्टॉरंट आहे.’ नातीने घाईघाईने फोन पुढे केला, कसलेसे चिन्ह टिपले, पैसे गेले. आणि मालकांनी, राग विसरून, बडीशेप-खडीसाखरेची वाटी माझ्यापुढे सरकवली.